बिनलग्नाचा मांडव

मांजर्ली, बदलापूर (पश्चिम)
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप ताई,

शलाकाचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मी दिलेलं तेल लावता ना, की बाटली देवघराशेजारी तशीच उभी आहे? भाऊजींचा खोकला थांबला नसेल तर त्यांना गच्चीत उघड्यावर बसून पेपर वाचणं बंद करायला सांगा. (ऐकणार नाहीत, पण सांगितल्याचं समाधान मिळतं. हा अनुभव मला तुमच्या भावाकडूनच मिळाला आहे.) इकडे आम्ही बरे आहोत. राजसीची नोकरी चालू आहे. तुमचा भाऊ नगरसेवक झाल्यापासून आमच्या दारात सकाळी इतक्या चपला असतात, की परवा दूधवाल्याने घाबरून विचारलं, "वहिनी, कोण गेलं?"

ताई, तुम्ही माझा फोन उचलत नाही, यांचा तर नाहीच नाही, आणि व्हॉट्सॲपवर लिहिलं तर तुमच्याआधी अक्षय वाचतो. म्हणून कागद घेतला. कितीही राग असला तरी पत्र फाडायच्या आधी माणूस एकदा वाचतो, असा माझा अंदाज आहे. निदान हे पान संपेपर्यंत फाडू नका.

तुमचा राग मला कळतो. पुढच्या महिन्यात अक्षयची हळद, अंबरनाथला तुमच्या दारात मांडव, आमच्या गल्लीतल्या भावेशचा डीजे ठरलेला, आणि सख्खा मामा म्हणतो, "ज्या मांडवात डीजे, त्या मांडवात मी पाय ठेवणार नाही." यावर तुम्ही म्हणालात, "हळदीला येणार नसशील तर दुसऱ्या दिवशी बोहल्यापाशी भाच्याच्या पाठीशी उभं राहायलाही येऊ नकोस." तेव्हापासून दोन्ही फोन बंद. तुम्ही दोघं एकाच आईची मुलं आहात हे सांगायला दुसरा पुरावा नको. पण ताई, हा माणूस आता जे बोलतो ते नुसता तुमचा देवा म्हणून बोलत नाही, प्रभागाचा नगरसेवक म्हणून बोलतो. आणि तो नगरसेवक कसा झाला हे तुम्हाला नीट कोणी सांगितलंच नाही. निकालाच्या दिवशी तुम्ही पेढे घेऊन आलात, फोटो काढलात आणि गुडघा दुखतो म्हणून लवकर निघालात. तर ते सांगते. लांबेल. चहा घेऊन बसा.

यांना पहिल्यापासून समाजाला वळण लावायची हौस, हे तुम्ही माझ्याआधी पाहिलेलं आहे. लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी शेजारच्या बाळाच्या वाढदिवसाला आम्ही गेलो, तर हे केकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, दिवा फुंकायचा नसतो, लावायचा असतो. बाळाने फुंकर मारली की हे काडी ओढून मेणबत्ती परत पेटवत. बाळाला तो खेळच वाटला. काड्यापेटी संपेपर्यंत केक कोणाला मिळाला नाही. मी तेव्हा नवी नवरी होते, भिंतीकडे बघत उभी होते. पुढे नदीकाठी लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येऊ लागली, तेव्हा हे त्यांना समजवायला रोज संध्याकाळी घाटावर जात. एकदा उशीर झाला म्हणून मी बघायला गेले, तर हे फोटोवाल्याची ती चंदेरी छत्री धरून उभे! मुलीच्या तोंडावर सावली येत होती म्हणे. जोडप्याने शेवटी यांच्या पाया पडून आशीर्वाद घेतला आणि हेसुद्धा "सुखी राहा, पण लग्नानंतर" असं सांगून आले.

पण सगळ्यात मोठी लढाई हळदीतल्या डीजेशी आणि दारूशी. आपल्या आगरी लोकांची हळद म्हणजे धवलारणीची. ती धवळे गाणार, त्या गाण्यावर नवरदेवाला हळद लागणार, असं यांचं म्हणणं. आणि खरं सांगायचं तर ते मला पटतं. तुळशीआजी आमच्याकडची शेवटची धवलारीण. हे तिला घेऊन दारोदार फिरायचे, की बाबांनो, डीजे नको, आजीला बोलवा. लोक आजीला चहा द्यायचे आणि डीजेला सुपारी. ज्याच्या दारात डीजे लागला तिथे हे गेले नाहीत. चुलत्यांकडे नाही, मित्राकडे नाही. आणि कोंडाजीबाबांच्या नातीच्या हळदीत तर दहा वाजून गेल्यावर यांनी सरळ पोलिसांना फोन केला. कोंडाजीबाबा म्हणजे गळ्यात दोन पदरी सोनं, दारात पांढरी गाडी आणि अर्ध्या मांजर्लीशी नातं. त्या दिवसापासून ते यांच्याशी बोलले नाहीत. रस्त्यात हे दिसले की गाडीची काच वर करायचे. (गाडीत एसी नसला तरी.)

मग लोक यांना मानतात कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. नदीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं होतं त्या साली मी खिडकीतून बघत होते. म्हाताऱ्यांना देवळाच्या वरच्या मजल्यावर पोचवून झालं, गॅसच्या टाक्या झाल्या, गाद्या झाल्या, आणि हे छातीभर पाण्यातून डोक्यावर एक भलंमोठं काळं खोकं घेऊन येताना दिसले. भावेशचा स्पीकर होता. मागून भावेश रडत दुसरा घेऊन येत होता. मी नंतर विचारलं, अहो, तुमचा शत्रू ना तो? तर म्हणाले, "स्पीकर त्याच्या कष्टाचा आहे. वाजवायचा कसा, ते पाणी उतरल्यावर बोलू." आणि पाणी उतरल्यावर खरंच बोलले, दीड तास. ताई, त्या दिवशी मला माझ्या नवऱ्याचा इतका अभिमान वाटला की मी त्यांना ओल्या कपड्यांत घरात येऊ दिलं.

पक्षात हे कित्येक वर्षं सतरंज्या अंथरत होते, ते तुम्हाला माहीत आहेच. तिकीट मिळालं ते काही सतरंज्यांमुळे नाही. आमच्या प्रभागात पक्षाचे दोन मातब्बर इच्छुक होते. एकाला दिलं तर दुसरा बंड करणार, दुसऱ्याला दिलं तर पहिला. शेवटी वरिष्ठांनी दोघांना समोर बसवून विचारलं, कोणाला दिलेलं तुम्हा दोघांना चालेल? दोघांनीही यांचं नाव घेतलं. हा नक्की पडेल याबद्दल दोघांचं एकमत होतं. हे मात्र घरी आले ते देवासमोर पाच मिनिटं उभे राहिले आणि मला म्हणाले, "शलाका, कामाची कदर होते." मी देवापुढची वाटी उचलली. साखर हातावर ठेवली.

मग कपडे. उल्हासनगरला तीन नंबरच्या बाजारात आम्ही गेलो, तर दुकानदार हसून म्हणाला, "साहेब, आप पार्टी बोलो, कलर मैं बोलता हूँ." त्याच्याकडे कुडता, जाकीट आणि उपरणं असा तयार जोडच होता. हे म्हणाले, मला धोतर पाहिजे. दुकानदाराला वाटलं नाटकासाठी पाहिजे. त्याने आतून शोधून आणलं, आणि वर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "भाभीजी, हार गये तो वापस ले आना, सिर्फ धो के लाना." मी रागावले, पण ताई, पिशवी मात्र जपून ठेवली.

आता प्रचार. स्वतःचा फोटो चौकात लावायला हे तयार नाहीत, कारण चौकातल्या वाढदिवसांच्या फलकांविरुद्ध यांनीच उपोषण केलेलं. रिक्षावर भोंगा नको, कारण आवाज. राजसी म्हणाली, "पप्पा, मग लोकांना स्वप्नात जाऊन सांगणार का?" तेव्हा यांना जुनी रीत सुचली. घरोघर स्वतः जायचं, कुंकू लावायचं, हातावर अक्षता ठेवायच्या आणि बोलावणं करायचं. त्यात "मत द्या" असं तोंडाने म्हणायला यांना लाज वाटे. मागितल्यासारखं होतं म्हणे. त्यामुळे हे हात जोडून म्हणायचे, "रविवारी संध्याकाळी दारात मांडव घातलाय. घरचं कार्य समजून सगळ्यांनी यायचं." मी मागे कुंकवाचा करंडा घेऊन. ताई, तुम्ही हसताय ना? पण मला त्या वेळी एवढंसुद्धा खटकलं नाही. बायका माझ्या कपाळाला उलट कुंकू लावत होत्या, "लय बरं झालं गो" म्हणत होत्या, एकीने तर डोळे पुसले. मी मनात म्हटलं, केवढं प्रेम आहे यांच्यावर! कोंडाजीबाबांच्या घरीही गेलो. गाव बोलावताना घर टाकायचं नाही, हा यांचा नियम. बाबा बोलले नाहीत, पण अक्षतांना हात पुढे केला. अक्षतांना नाही म्हणता येत नाही.

रविवारी मांडवात सभेसाठी दोनशे खुर्च्या आणि एक माईक. खायला काही नाही. आचारसंहितेत चहासुद्धा मोजला जातो म्हणून यांनी घरातली किटली शेजारी ठेवायला दिली होती. पिण्याच्या पाण्याचं पिंप तेवढं होतं. संध्याकाळ झाली आणि माणसं यायला लागली. ठेवणीतल्या साड्या, केसांत गजरे, हातात आहेराच्या पिशव्या. हे माझ्या कानात म्हणाले, "बघ, संस्कृतीची सभा म्हटल्यावर लोक कसे नटून आलेत!" मग तुळशीआजी आली, तिने मांडव न्याहाळला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "नवरी कुठं हाय?"

नेमकी त्याच वेळी राजसी स्कूटरवरून मैत्रिणीकडून परत आली. हेल्मेट काढायच्या आत बायकांनी तिला घेरलं. कोणीतरी घरून हळदीची वाटीच आणली होती. बिचारी पिवळ्या गालांनी माझ्याकडे बघून ओरडली, "मम्मी, माझं लग्न ठरलं आणि मला कोणी एक फोन पण नाही केला?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अक्षता, मांडव, घरचं कार्य, आणि घरात लग्नाची मुलगी. मांजर्लीतल्या शहाण्या माणसाने याचा दुसरा काय अर्थ काढायचा?

हे माईकपाशी गेले. चेहरा धोतरासारखा पांढरा. म्हणाले, "मंडळी, माफ करा. लग्न नाही. निवडणूक आहे." आहेराच्या पिशव्या हळूच खुर्च्यांखाली गेल्या. मग मागच्या रांगेतून कोंडाजीबाबांचा आवाज आला. कित्येक दिवसांनी ते यांच्याशी बोलत होते.

"देव्या, तुज्या मांडवान डीजे नसंल ह्यो ठाव व्हता. पन जेवान पन नाय?"

ताई, लोक हसले, पण मला ते हसू टोचलं. आपल्याकडे मांडवात आलेला माणूस उपाशी परत गेला, तर त्या घराची कथा पुढच्या पिढीला सांगतात. आणि जेवू घालावं तर उमेदवारी जाते. हे माझ्याकडे बघत होते. इतकी वर्षं मी त्यांना सगळ्या जगावर रागावलेलं पाहिलं होतं, पण घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, उमेदवारी जाऊ दे, आत्ताच्या आत्ता भाताचं पातेलं चढवावं. मी उठलेसुद्धा.

आणि तेवढ्यात निवडणुकीचं भरारी पथक आलं. उमेदवार मोठी पंगत घालतोय अशी कोणीतरी तक्रार केली होती. साहेब दमलेले होते, सोबत कॅमेरावाला. त्यांनी दरडावून विचारलं, "जेवण कुठे आहे?"

"त्योच त आमी इचारतोय!" सगळा मांडव एका आवाजात म्हणाला.

साहेबांनी मांडवामागे पाहिलं, स्वयंपाकघर पाहिलं, पिंपाचं झाकण उघडून वास घेतला. (पाणीच होतं. थोडं शिळं होतं, ते माझ्या मनाला लागून राहिलं.) मग कोंडाजीबाबा उठून पुढे आले. म्हणाले, "साहेब, उमेदवारान लोकांना जेवू घालाचा नाय, ह्यो कायदा, मान्य. पन लोकांनी उमेदवाराला घालाचा नाय, असा कुठं लिवलाय काय?" साहेबांनी कपाळ खाजवलं, कॅमेरावाल्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, तसं काही त्यांच्या वाचनात आलेलं नाही. बाबांनी वळून सुनेला हाक मारली, "जा गो, घरान हाय त्ये घेऊन ये."

एकटी सून उठली नाही, बायकांच्या रांगाच उठल्या. थोड्या वेळात तांदळाच्या भाकऱ्यांच्या चवडी आल्या, वालाचं बिरडं आलं, सुकटीची चटणी आली, कोणाकडची सकाळची आमटी आली. दुसऱ्या उमेदवाराची मावशीसुद्धा ताटभर घावन घेऊन आली. साहेबांनी प्रत्येक भांडं कोणाच्या घरचं ते विचारून घेतलं आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायले. पण सुकटीच्या वासाने कॅमेरा जरा हलत होता. यांना मधे बसवून कोंडाजीबाबांनी पहिली भाकरी स्वतःच्या हाताने वाढली. म्हणाले, "खा. पोलिसांना बोलावू नको." यांनी मान खाली घातली आणि खाल्ली. तुळशीआजीला आता कोणीच थांबवू शकत नव्हतं. तिने राजसीला पाटावर बसवून धवळे सुरू केले, नवरा नसला तर नसला. संस्कृती या विषयावरचं यांचं भाषण खिशातच राहिलं. शेवटी कोणीतरी माईक हातात दिला, तेव्हा यांना एवढंच बोलता आलं, "सावकाश जेवा."

ताई, ते दोन शब्द ऐकून मला जे वाटलं ते मी अजून कोणाला सांगितलं नाही. हा माणूस आयुष्यभर लोकांना हे करू नका, ते करू नका सांगत आला. त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्याने लोकांना काहीतरी करा म्हणून सांगितलं, आणि लोकांनी मनापासून केलं. हे थोडक्या मतांनी का होईना, निवडून आले. ज्या दोघांना हा पडेल अशी खात्री होती, ते पहिले हार घेऊन आले. पहिल्या सभेच्या दिवशी तेच धोतर नेसून हे नगरपालिकेच्या पायऱ्या चढले तेव्हा मी खाली उभी होते. उंची तेवढीच, पाठ थोडी वाकलेली, आणि तरीही मला वाटलं, एवढा सरळ माणूस या पायऱ्यांवर कोणी पाहिला नसेल.

तर ताई, आता तुम्हीच सांगा. एवढ्या लोकांनी ज्याला आपल्या घरची भाकरी खाऊ घालून निवडून दिलं, तो आपला शब्द कसा मोडेल? डीजेच्या मांडवात तो उभा राहिला तर उद्या तुळशीआजीला कोणत्या तोंडाने भेटेल? म्हणून हात जोडून विनंती आहे. अक्षयला समजवा आणि डीजे रद्द करा. आम्ही तुळशीआजीला घेऊन आदल्या दिवशीच येऊ. भाऊजींना नमस्कार. अक्षयला आशीर्वाद.

तुमची भावजय,
शलाका

ता. क. : वरचा शेवटचा परिच्छेद यांनी समोर बसून लिहून घेतला. आत्ता ते गटाराच्या तक्रारीवर गेले आहेत, म्हणून भराभर लिहिते. ताई, डीजे रद्द करू नका. तुळशीआजीला आम्ही आणू, हळद तिच्याच गाण्यावर लागू दे, पण त्यानंतर भावेशला वाजवू द्या. लग्न होऊन आल्यापासून मी एकाही हळदीत नाचलेले नाही. माहेरी मी कशी नाचायचे ते तुम्ही पाहिलेलं नाही. पलीकडच्या गल्लीत कोणाची हळद असली की हे खिडक्या लावून घेतात आणि मी पोळपाटावर ताल धरते. भाकऱ्या तेवढ्याच गोल होतात, यांना कळत नाही. पन्नाशी यायच्या आत मला एकदा नाचायचं आहे. हळदीला मी आणि राजसी येऊ. यांना दुसऱ्या दिवशी बोहल्यापाशी उभं करायची जबाबदारी माझी, तेवढं तुम्ही त्यांना येऊ द्या. बाकी हे पत्र वाचून झालं की फाडलंत तरी चालेल. किंबहुना फाडाच.

ता. क. २ : नऊवारी तुमच्याकडची हिरवी द्याल का? माझीत पाय मोकळे पडत नाहीत.

ता. क. ३ : ताई, हे अक्षर माझं, देवाचं आहे. शलाका पाकिटाला डिंक कमी लावते, म्हणून पाकीट मी चिकटवतो, आणि चिकटवण्याआधी वाचावं लागतं. डीजे राहू दे. दहाला बंद. मी हळदीला येतोय. मांडवात पाय ठेवणार नाही म्हणालो, तो शब्द शब्दच आहे. एक खुर्ची मांडवाबाहेर ठेव. आतलं नीट दिसेल अशा बेताने ठेव.